सतराव्या मिनिटाला

टेस्टिंगभाऊंचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सभा असो, शाळेचं संमेलन असो नाहीतर कुणाची शोकसभा, व्यासपीठावर सगळ्यात आधी तेच चढायचे, माईकवर टिचकी मारायचे, "हॅलो, टेस्टिंग, टेस्टिंग" म्हणायचे आणि खाली उतरून मिक्सरमागच्या खुर्चीत बसायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. एकदा मतदानाच्या रांगेत त्यांचं यादीतलं नाव पुकारलं, तेव्हा स्वतः भाऊच दोन क्षण जागचे हलले नव्हते, असं त्यांची बायको अजूनही हसत सांगते.

धंदा वडिलांचा. आधी दोन कर्णे आणि एक माईक, मग स्पीकरच्या पेट्या, मग मोठा मिक्सर, असा वाढत गेलेला. वडिलांनी शिकवलेली मुख्य गोष्ट एकच, माईकने शिट्टी मारता कामा नये. माईकमधला आवाज पेटीतून बाहेर पडतो आणि तोच परत माईकमध्ये शिरतो, असं एकदा सुरू झालं की कान फाडणारी शिट्टी निघते. मग अख्खी सभा वक्त्याला सोडून मशीनवाल्याकडे बघते. "त्या वेळी तोंड लपवायला जागा उरत नाही," असं वडील म्हणायचे. भाऊंच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की शिट्टी यायच्या आतच त्यांचं बोट मिक्सरवरच्या आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर असायचं. त्यांच्या कामाचं कौतुक झालंच, तर याचंच व्हायचं.

अशा माणसाकडे एक दिवस सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल आले. सडपातळ, सडाफटिंग, बोलताना चष्मा पुसत राहणारा माणूस. वाचनालयामागे पूर्वी पुस्तकं बांधायची एक लांबलचक शेड होती. तिथे साठ खुर्च्या मांडून तीन दिवसांचा संगीत महोत्सव करायचा, असं त्यांच्या डोक्यात होतं.

"गाणी कोणती?" भाऊंनी विचारलं.

"गाणी नाहीत."

"मग नुसतं वादन?"

"वादन म्हणा. पण आधी ठरवलेलं काहीच नाही. माणूस बसेल आणि त्या घडीला जे सुचेल ते वाजवेल. पुन्हा तसं कधीच होणार नाही."

"बरंय की," भाऊ म्हणाले, "म्हणजे तालमीची कटकट नाही."

पहिल्या वर्षी कुणी सायकलचं चाक उलटं टांगून त्याच्या तारांवर व्हायोलिनचा गज फिरवला. दोघांनी समोरासमोर बसून वीस मिनिटं कागद चुरगाळले. एकाने किटलीच्या तोटीतून फुंकर मारली आणि लोकांनी डोळे मिटून ती ऐकली. टेम्पो चालवायला भाऊंचा मेहुणा यायचा, तो बाहेर जाऊन पोट धरून हसून आला. भाऊ हसले नाहीत, काम ते काम. पण मनातून त्यांचं मत पक्कं होतं, ज्यांना धड वाजवता येत नाही त्यांनी काढलेली ही पळवाट आहे. चार वर्षं महोत्सव झाला आणि चार वर्षं त्यांनी तो नीट सांभाळला, पण ऐकला असा कधी नाही.

पाचव्या वर्षी तारबाई आल्या.

त्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. वय अडुसष्ट. तीस वर्षं हार्मोनियमवर सा रे ग म शिकवून झाल्यावर त्यांनी निवृत्तीनंतर एका सुताराकडून दोन लाकडी खोकी करून घेतली होती. शेडच्या एका भिंतीला एक खोकं, समोरच्या भिंतीला दुसरं, आणि मधे कमरेच्या उंचीवर चाळीस फूट लांब पोलादी तार. हातात सुती मोजे घालायचे, त्यांना राळेची पूड लावायची आणि तार चिमटीत धरून चालत जायचं. तार घासली जाऊन त्यातून आवाज निघे. एरवी तो मांजराच्या घुरघुरण्याइतकाच. खोक्याला चिकटवलेल्या छोट्या माईकमधून तो पेट्यांत आला, की शेडचे पत्रे थरथरत.

सकाळी आवाजाची चाचणी झाली तेव्हा त्या मिक्सरपाशी आल्या.

"एक सांगून ठेवते. यातून मधे फार बारीक, टोकदार आवाज निघेल. तुम्हाला वाटेल, काहीतरी बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. मी तिथपर्यंत मुद्दाम जाते. थोडा वेळ तिथे राहिलं की तो आवाज फुटतो आणि पुढचे सगळे त्यातूनच येतात. तोवर हात लावू नका."

"नाही लावत, बाई."

"नक्की?"

"बाई, एकतीस वर्षं काढलीत यात."

दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्या भरलेल्या, मागे दहाबारा जण उभे. त्यात त्या वर्षी नगरपालिकेचे एक अधिकारीही होते. महिन्याभराने नाट्यगृहाचं वर्षभराचं काम कुणाला द्यायचं ते त्यांच्या हातात होतं आणि भाऊंनी त्यासाठी अर्ज केला होता. पहिला पाव तास तारबाई एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सावकाश चालत राहिल्या. आवाज खोल, घुमणारा. मग त्यांनी चिमूट आवळली, पावलं आखूड केली आणि तो बारीक आवाज वर आला. आधी धाग्यासारखा. मग सुईसारखा.

मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी कानावर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी मान वळवून मिक्सरकडे पाहिलं. मेहुणा भाऊंच्या कानाशी वाकला.

"दाजी, मशीन ओरडतंय. लोक आपल्याकडे बघतायत."

भाऊंना बाईंचं बोलणं आठवत होतं. अगदी शब्दन्‌शब्द आठवत होतं, हे ते पुढे स्वतःपासून कधीच लपवू शकले नाहीत. पण त्या अधिकाऱ्यांची मान वळलेली होती आणि भाऊंचे कान तापले होते. त्यांनी तारेची पट्टी खाली ओढली.

शेडमधला आवाज एकदम विझला. तारबाई चालतच होत्या. दोन पावलं, तीन पावलं. मग त्या थांबल्या. हात अजून तारेवरच होता आणि चिमूट सरकत होती. त्यांनी मान एका बाजूला कलती केली. दुसऱ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढून डाव्या कानाला हात लावला, मग उजव्या. पहिल्या रांगेतल्यांना कापडाची नुसती खसखस ऐकू येत असावी. ते श्वास रोखून बघत होते. अर्ध्या मिनिटाने बाईंनी तार सोडली, वळल्या आणि नमस्कार केला.

क्षणभर कुणी हललं नाही. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. भाऊंनी त्या गडबडीत पट्टी गुपचूप होती तिथे वर नेऊन ठेवली.

ग्रंथपालांचे डोळे भरून आले होते. "बाई, शेवट काय केलात," एवढंच ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग लोकांतून वाट काढत त्या सरळ मिक्सरपाशी आल्या.

"आवाज शेवटपर्यंत होता ना?"

भाऊंनी मान वर केली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाऊंना वाटलं, यांना संशय आलाय.

"होता बाई. शेवटपर्यंत होता."

"मी तार सोडेपर्यंत?"

"हो तर."

बाईंनी मान डोलावली, मोजे पिशवीत टाकले आणि त्या निघून गेल्या. नाट्यगृहाचं काम भाऊंना मिळालं.

वर्षभर ही गोष्ट भाऊंच्या मनात एखाद्या कुसळासारखी होती. टोचायची, पण फार नाही. आपण खोटं बोललो एवढंच त्यांना माहीत होतं, आणि धंद्यात वेळ मारून नेणं काही नवीन नव्हतं. शिवाय लोकांना तर आवडलं होतं. पुढच्या वर्षीची यादी घेऊन ग्रंथपाल आले, तेव्हा भाऊंनी वरवर विचारल्यासारखं विचारलं, "तारबाई नाहीत का यंदा?"

"त्यांनी सोडलं."

"का?"

"कान गेले म्हणतात. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ऐकू येणं हळूहळू कमी होईल. पण मागच्या वर्षी वाजवता वाजवता अचानक त्यांना काहीच ऐकू येईना. अर्धा मिनिट सगळं बंद. आम्ही श्वास रोखून बघत होतो आणि त्या बिचाऱ्या तिथे बहिऱ्या होऊन उभ्या होत्या. टाळ्यांच्या वेळी परत ऐकू यायला लागलं म्हणतात, पण धसका बसला तो बसलाच. लोकांसमोर पुन्हा असं झालं तर काय, म्हणून तारेला हात लावला नाही."

ग्रंथपाल चष्मा पुसत बसले. भाऊ यादीकडे बघत होते, पण अक्षरं डोक्यात शिरत नव्हती.

बाईंनी त्या दिवशी त्यांना पकडायला विचारलंच नव्हतं. त्या आपल्या कानांची खातरी करून घ्यायला आल्या होत्या. आणि सबंध शेडमध्ये ते सांगू शकेल असा एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गोदामात जाऊन बसले. प्रत्येक कार्यक्रम ते मिक्सरवरून ध्वनिमुद्रित करून ठेवत, मागितलाच कुणी तर असावा म्हणून. त्यांनी बाईंचा शोधून काढला, कानाला हेडफोन लावला आणि पहिल्यांदाच तो नीट ऐकला. सतराव्या मिनिटाला बारीक आवाज सुरू झाला. माईकची शिट्टी आपोआप फुगत जाते, माणसाला विचारत नाही. हा आवाज फुगत नव्हता. तो बाईंच्या पावलागणिक कमीजास्त होत होता, थांबत होता, पुन्हा उचलत होता. शेवटच्या दोनतीन सेकंदांत तर त्याच्या पोटात दुसरा एक आवाज हलायला लागला होता, दाराआड कुणी बोलावं तसा. आणि तिथेच पट्टी खाली आली होती. हा फरक एकतीस वर्षांच्या मशीनवाल्याला एका कानाने कळला असता. ऐकत असता तर.

बायकोला त्यांनी जेवताना सांगितलं.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"अगं, वर्ष झालं."

"म्हणूनच म्हणते. उद्या दोन होतील."

"काय तोंडाने जाऊ?"

"खोटं बोलून आलात त्याच तोंडाने जा," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

तरीही बारा दिवस गेले. भाऊंनी केबली तपासल्या, पेट्यांची जाळी धुतली, नाट्यगृहातलं बिनगरजेचं वायरिंग उकलून पुन्हा केलं. नाट्यगृहात पाऊल टाकलं की तेच काम त्यांना खायला उठायचं. तेराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांनी चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढून बाईंचं दार वाजवलं.

दार धाकट्या बहिणीने उघडलं. दोघी बहिणीच राहत होत्या. बाई खिडकीपाशी शिवण घेऊन बसल्या होत्या. कानात यंत्र होतं. भिंतीला एक नवी मांडणी होती, तिच्यात बरण्या आणि घड्याळ. त्या लाकडाला चार बोल्टांची भोकं होती. भाऊंनी ती लगेच ओळखली. खोकी मोडून त्याच सुताराने ती मांडणी केली होती.

"बाई, मी मशीनवाला. वाचनालयातला."

"ओळखलं. बसा. चहा घेणार?"

"नको. एक सांगायचं होतं. त्या दिवशी तुमचा आवाज मी बंद केला होता."

"काय?"

"तुमचा आवाज. मी बंद केला होता."

"मोठ्याने बोला हो. यंत्रात नुसती घरघर येते."

भाऊंनी खाकरून घसा साफ केला. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणाऱ्या माणसाला आता स्वतःचा चढवावा लागला. "तुमचे कान गेले नव्हते, बाई. मीच पट्टी खाली ओढली. लोक बघायला लागले म्हणून. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

आतल्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, त्याचीही पावलं थांबली. बाईंनी शिवण मांडीवर ठेवली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो बाई."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी तुम्हाला चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी परत तार लावली असती." त्यांचा आवाज चढला नाही. "ते वर्ष चांगलं होतं माझ्या कानांचं. शेवटचंच चांगलं. आता खरंच गेलेत. त्या वर्षाचं मी काय केलं ठाऊक आहे? घाबरून घरात बसले."

ध्वनिमुद्रण आणलंय, असं भाऊ पुटपुटले. बाईंनी हाताने नको म्हटलं.

"मला त्याचा काय उपयोग?"

बहीण दारात येऊन उभी होती. "तुम्ही जा आता," ती म्हणाली. भाऊ उठले, तेव्हा बाई पुन्हा बोलल्या.

"मला एकटीला सांगून काय होणार. तिथे साठ माणसं होती. त्यांना वाटतंय, मी तो शेवट केला. मला अजून रस्त्यात थांबवून सांगतात, काय ती शांतता. मी समजायचे, तार सोडल्यावरची म्हणतात. मी नव्हती केली ती. त्यांना सांगा."

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी दुपारी ग्रंथपालांचं स्वागताचं भाषण झाल्यावर भाऊ माईकपाशी गेले. त्यांनी ग्रंथपालांना आधी सगळं सांगितलं होतं. ते ऐकून त्या भल्या माणसाने चष्मा पुसला नव्हता, फक्त "सांगाच तुम्ही" एवढं म्हटलं होतं. तारबाई बहिणीबरोबर तिसऱ्या रांगेत होत्या. बत्तीस वर्षांत भाऊ माईकवर दोन शब्दांच्या पुढे गेले नव्हते. हातातल्या चिठ्ठीवरचं त्यांना वाचता येईना, तेव्हा ती खिशात घालून ते बोलायला लागले. मधे अडखळले, बराच वेळ गप्प राहिले, पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून म्हणाले. मी आवाज बंद केला. बाईंनी नाही. मी. मग खोटं बोललो. त्यामुळे बाईंनी वाजवणं सोडलं.

ते थांबले आणि शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

भाऊंना कळेना. पहिल्या रांगेतली एक तरुणी शेजारणीला म्हणत होती, "माईकवाल्यालाच वाजवायला लावलं, काय कल्पना आहे." मागून कुणी "वा" म्हणालं. लोकांना तो महोत्सवातला पहिला कार्यक्रम वाटला होता. अडखळणं, थांबणं, तेच वाक्य पुन्हा म्हणणं, सगळंच आयत्या वेळचं.

"हा कार्यक्रम नाही," भाऊ म्हणाले. त्यावरही दोघंचौघं हसले. "अहो, खरंच नाही. त्या बसल्यात तिसऱ्या रांगेत." मग मात्र टाळ्या विरत गेल्या आणि माना मागे वळल्या. हळूहळू चेहरे बदलले. आता सगळे परत भाऊंकडे बघत होते आणि या वेळी तोंड लपवायला मिक्सरही समोर नव्हता. ते तसेच उभे राहिले. मेहुणा दारातून बाहेर निघून गेला होता.

कार्यक्रमानंतर बाईंनी त्यांना हाक मारली. "लोकांनी टाळ्या कशाबद्दल वाजवल्या? हिने सांगितलं ते मला नीट लागलं नाही."

"त्यांना वाटलं, मी काही सादर करतोय."

बाई हसल्या. खळखळून नाही, पण हसल्या. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या, पण काय चांगलं झालं ते सांगितलं नाही.

पुढे भाऊंनी त्याच सुताराला गाठून नवी खोकी करून घेतली. बाईंच्या घरातल्या बोळात दारापासून खिडकीपर्यंत जेमतेम अठरा फूट तार बसली. भाऊंनी ती ताणून दिली आणि सवयीने विचारलं, माईक कुठे चिकटवू. माईक नको, बाई म्हणाल्या. त्यांनी एक हात खोक्यावर पालथा ठेवला आणि दुसऱ्याने तार घासली. "लाकडातून हाताला कळतं थोडं," त्या म्हणाल्या. "पण हे ऐकणं नव्हे. लोकांसमोर हे काही करायचं नाही मी." खरोखरच त्यांनी पुन्हा कधी लोकांसमोर वाजवलं नाही. नाट्यगृहाचं काम भाऊंनी वर्ष संपल्यावर सोडलं. मेहुण्याने त्यांना वेड्यात काढलं आणि तो दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागला.

महिन्यातून एकदा तार ढिली पडते, तेव्हा भाऊ पाना घेऊन जातात. बहीण चहा देते. बाई फारसं बोलत नाहीत.

"माफ केलं का त्यांनी?" बायकोने एकदा विचारलं.

"तसं काही म्हणाल्या नाहीत."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही," भाऊ म्हणाले. "काय विचारणार? तार ताणून झाली की मला थांबायला सांगतात. त्या तार घासतात, मी बोळात उभा राहतो. त्यांना ऐकू येत नाही ते मी ऐकतो."

शाळेच्या क्रीडादिनाला जायचं होतं. भाऊंनी दोन पेट्या एकट्यानेच उचलून गाडीत ठेवल्या आणि केबलीची वेटोळी मोजायला घेतली.